यादीबाहेरच्या वास्तू

कोविडच्या साथीच्या दोन वर्षांत ज्यांनी घराजवळच्या जुन्या वास्तूंची रेखाचित्रे काढली आणि गावच्या शिवारात पायी हिंडून झाडे-पाखरे न्याहाळली, त्यांच्याविषयी आपण सर्वांनी मोठ्या कौतुकाने एवढेच म्हटले की, बिचाऱ्यांनी त्या कठीण दिवसांत आपले मन रमवले. या कौतुकात सहानुभूती पुष्कळ आणि आकलन थोडे आहे, असे माझे मत आहे. मन रमवावयाचे तर पत्त्यांचा डाव होता, दूरदर्शनवर पुन्हा लागलेले रामायण होते, आणि मोबाइल तर अष्टौप्रहर हाताशीच होता. असे असता ज्याने कागद-पेन्सिल घेऊन एखाद्या पडक्या चावडीसमोर तास-दीड तास मांडी घालून बसणे पत्करले, त्याला केवळ करमणूक हवी होती असे मानणे म्हणजे त्याच्या श्रमाची किंमत कमी करणे होय. साथीमुळे केंब्रिज सोडून गावी राहिलेल्या न्यूटनचा दाखलाही या काळात इतक्या वेळा दिला गेला की, घरात कोंडलेल्या प्रत्येक गृहस्थाकडून एकेका सिद्धांताची अपेक्षा आहे की काय, असे वाटावे. मला तेवढी मोठी गोष्ट सांगावयाची नाही. या माणसांच्या हातून, बहुधा त्यांच्या नकळत, एक दप्तरी स्वरूपाचे काम झाले, आणि ते वास्तविक सरकारने करावयाचे होते, एवढेच माझे म्हणणे आहे. ते काम म्हणजे कोणत्याही यादीत नाव नसलेल्या गोष्टींची पाहणी.

हे म्हणणे पडताळून पाहण्यासाठी मी मढचा मुलूख घेतो. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) जाणाऱ्या हमरस्त्यावर, घाटमाथा मागे पडल्यानंतर, पिंपळगाव जोगे धरणाच्या जलाशयाच्या अंगाला जुन्नर तालुक्यातले हे गाव आहे. उत्तरेला हरिश्चंद्रगडाची भिंत, तिच्या पायथ्याशी खिरेश्वर आणि तेथले नागेश्वराचे प्राचीन देऊळ. घाटाच्या बाजूला सिंदोळा. नैर्ऋत्येकडे निमगिरी आणि हडसर. एके काळी तर्फेचे ठिकाण म्हणून मढचा मान होता, त्याची खूण म्हणून शेजारच्या एका पारगावाच्या नावापुढे आजही सातबाऱ्यावर ‘तर्फे मढ’ असे लिहिले जाते. तर्फा गेल्या, परगणे गेले, मामलेदाराचा तहसीलदार झाला, तरी महसुली कागदाची स्मरणशक्ती माणसांपेक्षा चिवट असते.

याच तालुक्याच्या वाट्याला प्रसिद्ध वास्तूंचे जे वैभव आले आहे, ते महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांना लाभले असेल. १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस ज्या किल्ल्यामुळे प्रत्येक मराठी मुलाला पाठ असतो तो शिवनेरी येथलाच. लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी हे लेणीसमूह येथलेच, आणि जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या खोल्या, चैत्य, पोढ्या अशा सगळ्या मोजल्या तर त्यांची संख्या दोनशेच्या पलीकडे जाते. सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख ज्या गुहेच्या भिंतींवर आहे तो नाणेघाटही येथलाच. (१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्या आज्या-पणज्या मानमोडी म्हणत, जुन्नरच्या डोंगराशी तिचा काही संबंध नाही, परंतु त्या वर्षी येथल्या म्हाताऱ्यांना डोंगराकडे पाहून काय वाटले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.) हे सारे वैभव सूचीबद्ध आहे. त्याला निळ्या पाट्या आहेत, रखवालदार आहेत, काही ठिकाणी तिकिटे आहेत. आणि म्हणूनच ते एका हुकमानिशी बंद करता आले.

१७ मार्च २०२० रोजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपल्या ताब्यातली स्मारके बंद केली; २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली; महाराष्ट्रातल्या देवळांची दारे तर त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, उघडली. पावसाळ्यात माळशेजच्या धबधब्यांखाली भिजायला येणाऱ्यांनाही मनाईहुकूम लागला. या सगळ्या बंदोबस्तामागे उभा असलेला साथरोग कायदा १८९७ सालचा, म्हणजे मुंबई-पुण्याच्या प्लेगमधून जन्मलेला; ज्या कायद्याच्या अंमलबजावणीने पुण्यात प्लेग-अधिकारी रँडचा खून होण्याइतका क्षोभ उसळला होता, तोच कायदा सव्वाशे वर्षांनी आपण बहुतांशी निमूटपणे पाळला. गावोगावच्या वेशींवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या, आणि मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस काढावे लागले. जे प्रसिद्ध होते ते सर्व असे कुलूपबंद झाले. उरले ते अप्रसिद्ध. ज्याला हात आणि डोळे चालवावयाचे होते त्याच्यापुढे आता गावातल्या गावात जे होते तेवढेच राहिले: अर्धा ढासळलेला वाडा, तोंडावर उंबर उगवलेली बारव, मारुतीच्या पारामागे टेकवून ठेवलेले वीरगळ, वापर सुटलेली चावडी.

बंद देवळासमोर बसणाऱ्याची तर आणखीच निराळी गत झाली. दार बंद असल्याने सभामंडप नाही, मूर्ती नाही, छताच्या दगडी चौकटींत कोरलेली शिल्पे नाहीत. मग तो प्रदक्षिणेच्या वाटेने देवळाच्या पाठीमागे गेला. देवळाची पाठ आपण कधी पाहत नाही. हात जोडून झाले की आपले लक्ष चपलांकडे असते. पाठीमागे गाभाऱ्याचे अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारी पन्हळ असते, आणि तिच्या खालच्या दगडांवर शतकांच्या ओलीने चढवलेला काळा-हिरवा रंग असतो. कोणता थर मूळचा आणि कोणता नंतरच्या डागडुजीचा, हे तेथे उघड दिसते. कारण मूळच्या घडीव चिऱ्यांत चुना नसतो, एकावर एक नुसते बसवलेले असतात, आणि नंतर कोणी भाविकाने पडलेला भाग उचलला तेव्हा त्याने हाताला लागतील ते दगड चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेले असतात. कधी एखादा कोरीव दगड उलटा लागलेला आढळतो, म्हणजे वेलबुट्टीची मुळे आकाशाकडे आणि फुले जमिनीकडे. पुढून पाहणाऱ्याला देऊळ ही एक सिद्ध वस्तू वाटते. मागून पाहणाऱ्याला ते वारंवार पडलेले आणि वारंवार उचललेले बांधकाम आहे हे समजते. देवळाचा इतिहास लिहावयाचा तर या दुसऱ्या ज्ञानावाचून तो लिहिता येणार नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व छायाचित्राने अधिक लवकर आणि अधिक अचूक होते. होते खरे, मोजमापाच्या दृष्टीने छायाचित्राची आणि हल्लीच्या नव्या यंत्रांची बरोबरी पेन्सिलीने करू नये. परंतु वीरगळासमोर बसून पाहा. वीरगळाची रचना ठरलेली असते: सर्वांत खालच्या चौकटीत युद्ध, तिच्या वरच्या चौकटीत पतन पावलेल्या वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर कलश व चंद्रसूर्य. निमगिरीच्या पायथ्याला असे वीरगळ ओळीने मांडून ठेवलेले आहेत, आणि घाटवाटांच्या तोंडाशी असलेल्या कितीतरी गावांत एकटे-दुकटे उभे आहेत. पाऊस, शेंदूर आणि तेल यांनी त्यांचे चेहरे पुसले गेले आहेत. सकाळी अकराच्या उन्हात खालची चौकट नुसता खडबडीत दगड दिसते. दुपारी चारनंतर ऊन तिरपे झाले की त्याच दगडातून पाठींची एक ओळ वर येते, मग शिंगे, मग त्यांच्यामागे ढाल धरलेला हात. आता ही रेघ शिंग आहे की तडा, हे पेन्सिल टेकवण्यापूर्वी ठरवावेच लागते. शिंग असेल तर हा वीर गाई सोडवताना पडला; तडा असेल तर तसे काही म्हणता येत नाही. कॅमेरा हा प्रश्न विचारत नाही, तो शिंग आणि तडा यांना सारख्याच निर्विकारपणे टिपून घेतो. चित्र काढणाऱ्याला मात्र साक्ष द्यावी लागते, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकते. त्याच्या चुकीच्या रेषेतूनही, तो कशाला शिंग समजला, हे पुढच्याला कळते.

रेखाचित्र ही साक्ष आहे याची जाण आपल्या मुलखात नवी नव्हे. फरक एवढाच की ती साक्ष पूर्वी दुसऱ्याच्या दरबारात रुजू होत असे. सवाई माधवरावाच्या काळी इंग्रजांचा पुण्यातला वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली, आणि ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जुन्नरच्या अधिक जवळचे उदाहरण अलेक्झांडर गिब्सनचे. हा स्कॉटिश शल्यवैद्य प्रथम दख्खन आणि खानदेशात देवी टोचण्याच्या खात्यावर होता. पुढे १८३८ साली दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा आणि १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचा प्रमुख झाला. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्याने औषधी वनस्पतींची बाग केली होती. दापोडीच्या बागेतल्या वनस्पतींची त्याने एका चित्रकाराकडून करवून घेतलेली दीडशेहून अधिक चित्रे एडिंबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. देवीच्या लशीची पेटी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या माणसालाच डोंगर उघडे पडत चालले आहेत आणि झरे आटत आहेत हे दिसावे, आणि त्यानेच वनस्पतींची चित्रे काढवावीत, याला मी योगायोग म्हणणार नाही. साथीच्या कामासाठी जो पायी फिरतो त्याला रोग्यासोबत रोग्याचा मुलूखही पाहावा लागतो. दुःखाची गोष्ट अशी की, गिब्सनचे नाव, त्याच्या हुद्द्यांची सालवार जंत्री, सर्व टिकले. चित्रे ज्याच्या हातची, त्या चित्रकाराचे नाव मात्र हरवले. तो पोर्तुगीज-हिंदी होता एवढेच सांगतात. आपल्या दप्तराचा हा स्वभावच आहे: हुकूम देणाऱ्याची सही राहते आणि ज्याने काम केले तो शेऱ्यापुरताही उरत नाही.

आता वास्तू आणि वनस्पती यांचा मी एका दमात उल्लेख करीत आहे, याचे कारण सांगितले पाहिजे. जुन्या इमारतींचे चित्र काढणे आणि रानात फिरणे हे दोन वेगळे छंद आहेत, पहिला इतिहासाचा आणि दुसरा निसर्गाचा, अशी आपली शहरी समजूत आहे. मढच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे जुने घर समोर ठेवून कोणी चित्र काढू लागला तर ही समजूत पहिल्या अर्ध्या तासातच मोडते. जोते काळ्या पाषाणाचे, म्हणजे समोरच्याच डोंगराचे. भिंत कुडाची, कुडाच्या काठ्या कारवीच्या, आणि त्यावर शेणमातीचा गिलावा. आढे, वासे आणि खांब रानातल्या लाकडाचे. दाराची चौकट बहुधा सागाची, कारण दारावर खर्च करण्याची रीत होती. आणि सधन घरांत किंवा देवळांत जेथे चुना वापरला, तेथे तो घाणीत मळताना त्यात गूळ, बेलफळ, उडदाचे पाणी, हिरड्याचा काढा यांपैकी काही ना काही घालण्याची कारागिरांची पद्धत. या भिंतीची काठी ओळखता यावी म्हणून चित्रकाराला कारवी पाहायला डोंगराच्या उतारावर जावे लागते, आणि एकदा गेला की कारवीचे सात-आठ वर्षांनी सामुदायिक फुलणे, तिचा तो जांभळा-निळा उतार, मग एकदम वाळून जाणे आणि वाळलेल्या काठ्या माणसांच्या हाती येणे, हा सारा क्रम घराच्या भिंतीत कसा उतरला आहे हे त्याला कळते. रान आणि घर यांच्यामध्ये जी वेस आपण कल्पिली आहे ती घर बांधणाऱ्याला ठाऊक नव्हती.

हिरड्याची पाहणी तर मी प्रत्येक चित्रकाराला सुचवीन, कारण त्याचे पान काढणे सोपे वाटते आणि सोपे नसते. पान साधे, लांबट गोल, आंब्यासारखे डौलदार नव्हे की पिंपळासारखे टोकदार नव्हे. आपण ते काढून मोकळे होतो आणि मग लक्षात येते की हे पान दुसऱ्या दहा झाडांचेही असू शकेल. परंतु देठ जेथे पानाला मिळतो तेथे बोटाने चाचपले तर दोन बारीक गाठी लागतात, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्या काढल्या की ते पान हिरड्याचे झाले. ज्याने त्या दोन गाठी एकदा काढल्या, तो उन्हाळ्यात वाटेच्या कडेला पसरून काळा पडत चाललेला बाळहिरडा पाहून, ही कुठली घाण पसरली आहे, असे म्हणत नाही. कारण पुढची पायरी अशी की, तो ते वाळवणाऱ्या बाईशी बोलतो.

येथेच माझ्या प्रतिपादनावरचा सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. साथीच्या दिवसांत रेखाचित्रे काढायला आणि रानात फिरायला सवड होती कोणाला? मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच पट्ट्यातले. मार्च २०२० मध्ये त्यांचे डबे बंद झाले आणि त्यांतले पुष्कळजण गावी परतले. ज्याचे वेतन सुटले आहे, ज्याला घरच्या दीड एकरावर भाऊबंदांच्या वाट्यात पुन्हा पाय ठेवायचा आहे, त्याला गावच्या वेशीच्या कमानीचे सौंदर्य समजावून सांगणे हा उद्धटपणा झाला. ज्या लोकांनी त्या वसंतात शेकडो कोस पायी तुडवले त्यांच्या चालण्याला कोणी निसर्गभ्रमण म्हटले नाही. आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना तर रानात जाणे हे फिरणे नव्हेच. हिरडा हे त्यांचे नगदी पीक. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा झाडावरचा हिरडा झडून गेला, आणि नुकसानभरपाईसाठी त्यांना कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले, कारण जंगलातल्या झाडावरचे फळ हे पीक की वनोपज, त्याचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा, याचा कागदोपत्री घोळ होता. ज्यांच्या जगण्याचा आधार वादळाने हिरावला, त्यांच्यासमोर वही उघडून झाडाचे चित्र काढणारा माणूस कसा दिसत असेल?

हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मान्य नाही. सवड काही लोकांनाच होती, म्हणून त्या सवडीत झालेले काम निरर्थक, हे तर्काला धरून नाही. प्रश्न त्या सवडीचा विनियोग काय झाला हा आहे. जो माणूस धबधब्याच्या आणि रोहित पक्ष्यांच्या यादीपुरता निसर्ग पाहतो, तो माळशेजला येऊन जातो आणि हिरड्याचे झाड त्याला दिसत नाही, पर्यायाने हिरडा गोळा करणारी बाईही दिसत नाही. निसर्गालाही स्मारकांसारख्याच याद्या आहेत. शेकरू राज्यप्राणी म्हणून यादीत आहे, टाकळा नाही, टिटवी नाही, बांधावरचा निवडुंग नाही. टाळेबंदीत ज्याला लांब जाता आले नाही त्याला निवडुंगच पाहावा लागला. जवळचे पाहण्याची ही सक्ती शिक्षेसारखी आली खरी, पण तिने ज्यांना शेजाऱ्याचे झाड आणि त्या झाडामागचा व्यवहार शिकवला त्यांचे शिक्षण मी कमी लेखणार नाही. तरी रानाची वाट ज्याला विचारायची तो जाणता माणूस रानात राहतो, हे विसरून जो वही घेऊन एकटाच निघतो, त्याच्या वहीत मजकूर कमीच येईल. शिवाय जुन्नर तालुक्यात संध्याकाळच्या वेळी एकट्याने भटकण्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशापेक्षा उसातला बिबट्या अधिक परिणामकारक मनाई करतो, हेही त्याने ध्यानात ठेवावे.

जुन्या साथींची आठवण येथे उपयोगी पडते. प्लेगच्या दिवसांत गावेच्या गावे घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत; उंदीर पडू लागले की चूल, जनावरे, पाटा-वरवंटा सगळे शिवारात जाई, आणि घरे महिनोन् महिने ओस राहत. त्या साथीने माणसाला घराबाहेर काढले, या साथीने घरात घातले. दोन्ही वेळा माणूस आणि त्याची वास्तू यांचा नित्याचा संबंध तुटला. परंतु प्लेगच्या माळावरून आपले रिकामे गाव पाहणाऱ्याच्या मनात काय आले, याची चित्रे आपल्याजवळ नाहीत. आठवणी आहेत, सरकारी अहवाल आहेत, मृत्यूंचे आकडे आहेत. गाव मात्र दिसत नाही.

आणि गाव न दिसणे ही आंबेगाव तालुक्याच्या बाबतीत अलंकारिक भाषा नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते घोड नदीकाठचे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या मंदिरांचे अवशेष उघडे पडतात, ते पाहायला लोक जातात. देवळे दगडाची म्हणून टिकली. घरे, वाडे, कुडाच्या भिंती, पार, बाजाराची जागा यांचे काय? त्याच तालुक्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गेली. पुढे आमडे येथे नवे माळीण वसवले गेले. घरे पक्की, एका ओळीत, एका मापाची. त्या गावाच्या दुःखापुढे वास्तूंची गोष्ट काढताना मला संकोच वाटतो, तरीही ती काढतो, कारण जुन्या माळीणमध्ये ओटी कोणत्या दिशेला होती, गुरांचा गोठा घराच्या कोणत्या अंगाला होता, दोन घरांमधून वाट कशी जात होती, हे उद्या एखाद्या नातवाने विचारले तर त्याला दाखवायला आपल्यापाशी काय आहे? महसुली नकाशात गटाची हद्द मिळेल. घर मिळणार नाही.

महायुद्धाच्या काळात इंग्लंडने या प्रश्नाचा विचार केला होता. १९४० साली, बाँब पडत असताना, केनेथ क्लार्क यांच्या पुढाकाराने चित्रकारांना खेडोपाडी धाडून त्यांच्याकडून जलरंगात चित्रे काढवून घेण्यात आली. मोठी कॅथेड्रले त्यांत मुख्य नव्हती, गावातली लहान चर्चे, पाणचक्क्या, खानावळी, दुकानांच्या दर्शनी बाजू, कबरस्ताने, असल्या गोष्टी होत्या. अशी दीड हजारांहून अधिक चित्रे झाली आणि ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मला या उपक्रमात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की, संकट केवळ शत्रूच्या विमानांचे आहे असे त्यांनी मानले नाही. नवे रस्ते आणि नवी बांधकामे यांनीही तितकेच जाणार आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. आपल्याकडे बाँब पडत नाहीत. आपल्याकडे घरकुलाचे हप्ते येतात, मुंबईचा पैसा येतो, देवळाला भक्त ऑइलपेंट देतात, बारवेवर स्लॅब पडतो. या सगळ्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, आणि गळक्या घरात राहणाऱ्याने पक्के घर बांधू नये असे सांगण्याचा अधिकार पुण्यात बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. तो पाडणार असेल तर पाडो. पाडण्यापूर्वी एक दिवस कोणीतरी समोर बसून ते काढून घ्यावे, इतकीच अपेक्षा आहे.

चित्रे अमर असतात असा माझा दावा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या रॉबर्ट गिलने कित्येक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, आणि मूळ चित्रे पडझड सोसत का होईना जागेवर राहिली. तथापि नाणेघाटातल्या गुहेत मागच्या भिंतीवर सातवाहन राजकुलाच्या ज्या प्रतिमा होत्या, त्यांची आज केवळ पावले आणि वरची नावे शिल्लक आहेत. कधीकाळी त्या घाटाने जाणाऱ्या एखाद्या माणसाने त्या उभ्या असताना चार रेघा ओढून ठेवल्या असत्या, तर नागनिकेचा पेहराव कसा होता हे आपल्याला कळले असते. भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी तेथले लेख प्रत्यक्ष उभे राहून उतरून घेतले म्हणून निदान नावे तरी नीट वाचली गेली.

केंद्र सरकारने संरक्षित केलेली स्मारके महाराष्ट्रात तीनशेच्याही आत आहेत. राज्य सरकारची यादी धरली तरी आकडा हजाराला पोचत नाही. खेडी चाळीस हजारांवर आहेत. ही तफावत कोणत्याही खात्याचे अंदाजपत्रक वाढवून भरून निघण्यासारखी नाही, आणि दर बारवेला रखवालदार मिळेल अशी आशा करणे वेडेपणाचे आहे. परंतु नोंद ठेवण्याची सोय कायद्याने एका बाजूने आधीच करून ठेवली आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. माधव गाडगीळ यांच्यासारख्यांनी या कल्पनेसाठी पुष्कळ वर्षे खटाटोप केला. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पुऱ्या करण्यास ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती, म्हणजे साथ येण्याच्या अगदी उंबरठ्यावर. मुदतीचा बडगा आला की आपल्याकडे वह्या कशा भरल्या जातात हे सांगायला नको; शेजारच्या गावची यादी उतरवून घेतली की काम भागते. तरीही वही आहे, रकाने आहेत, आणि कारवी त्या वहीत बसते. कारवीचा कूड बसत नाही. हिरडा बसतो, हिरड्याच्या काढ्यात मळलेला चुना बसत नाही. त्याच वहीला चार कोरी, जाड कागदाची पाने जोडली तर कोणत्या कायद्याचा भंग होईल?

ती पाने भरणार कोण, या प्रश्नालाही उत्तर आहे. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना दर वर्षी खेड्यापाड्यांतली असंख्य मुले बसतात. स्थिरचित्रासाठी त्यांच्यापुढे तांब्या, वांगे आणि घडी घातलेले कापड ठेवले जाते, आणि स्मरणचित्रासाठी बसथांबा नाही तर भाजीबाजार सांगितला जातो. २०२० साली साथीमुळे या परीक्षा झाल्या नाहीत. त्या बंद वर्षात एखाद्या चित्रकला-शिक्षकाने मुलांना, ज्याने त्याने आपल्या घराजवळची सर्वांत जुनी भिंत काढून आणावी आणि तिच्यात कोणकोणते झाड आहे ते आजीला विचारून खाली लिहावे, असे सांगितले असते तर ते काम ग्रामपंचायतीच्या वहीत जसेच्या तसे चिकटवता आले असते. परीक्षा पुन्हा सुरू झाल्या. तांब्या आणि वांगे परत आले. या प्रश्नपत्रिकांत गावातल्या एका वास्तूचा प्रश्न घालण्यासाठी कला संचालनालयाला एका परिपत्रकापलीकडे काही लागणार नाही, आणि तपासणाऱ्याला तर, ज्या गावाला तो कधी गेलेला नाही तेथल्या भिंतीचे चित्र बरोबर की चूक हे ठरवता येणार नाही, त्यामुळे गुण द्यायला कदाचित गावातल्याच कोणा म्हाताऱ्याला बोलवावे लागेल.